टेपचं दुसरं टोक

वास्तूचं नाव. बांधल्याचं साल. मालक.
सध्याचा वापर. पडझड किती टक्के.
एकोणचाळीस कोरी पत्रकं, पंधरा मीटरचा टेप,
आणि मोपेडच्या डिकीत आईनं बांधून दिलेली भाकरी.
गारगोटी सोडून वेदगंगेच्या काठाकाठानं
मी जुन्या इमारती मोजत निघाले,
कंत्राटी, दर वास्तूमागं दोनशे दहा रुपये.

टेपचं एक टोक माझ्या हातात असतं.
दुसरं धरायला
ऑफिसनं माणूस दिलेला नाही.

तालमीपाशी बाबालाल मुल्लाणी भेटले,
सत्तरीचे, कान मोडलेले, अनवाणी.
‘आणा हिकडं,’ म्हणाले, आणि टोक असं धरलं
जसं कुणाचं तरी मनगट.
लांबी अकरा वीस. रुंदी सहा चाळीस.
हौद्यातल्या मातीला अजून हळदीचा, ताकाचा वास.
कोनाड्यात मारुती, वरच्या फळीवर
फडक्यात गुंडाळलेले पंजे, मोहरमपर्यंत निजलेले.
‘मालक कोण लिहू?’
‘त्या दोघांत अजून भांडान न्हाई,’ बाबालाल म्हणाले,
‘तवर मोकळाच ऱ्हाऊ दे रकाना.’

बाहेरच्या भिंतीवर ऑइलपेंटच्या तीन रेघा.
एकोणनव्वदचा पूर माझ्या कमरेशी,
दोन हजार पाचचा खांद्याला,
एकोणीसच्या रेघेसाठी मान वर करावी लागली.
त्याच्याही वर खडूनं कुणीतरी लिहिलंय:
जागा शिल्लक आहे.

मग गुळाची वखार.
आढ्याला तराजूची साखळी, पारडी कुणी नेली माहीत नाही.
खाली एक शेळी, रवंथ करत.
सध्याचा वापर: शेळी.
खोडलं. लिहिलं: पशुधन.

मग शाळा. घंटा म्हणून टांगलेला
रेल्वेच्या रुळाचा तुकडा,
या खोऱ्यात रेल्वे कधी आलीच नाही तरी.
कुठनं आला, कधी आला,
शिपाईण फुलव्वाला विचारलं.
‘माज्या सासूच्या आदीपास्नं वाजतोय.’
सालाच्या रकान्यात तेच लिहिलं. दुसरं होतं काय?

यादीत शेवटी: जुना जकात नाका.
तीनदा त्याच रस्त्यानं गेले आणि आले.
उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, एक चिंच,
पंक्चरवाला, आणि सरळ डांबर.
एवढ्यात एस.टी. थांबली, कंडक्टर ओरडला,
‘जकातवाले, उतरा चला!’
पाच जण उतरले. एका बाईच्या कडेवर पोर,
एकाच्या खांद्यावर खताचं पोतं.
‘नाका कुठाय?’
‘ह्यो काय.’
‘अहो, पण इमारत?’
‘ती व्हय? रस्ता रुंद केला तवा गेली.
आमी कुटं गेलोय?’

शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पुढं झाली,
तिनं न विचारता टेपचं टोक घेतलं.
‘दार कुठं होतं?’ मी विचारलं, आणि चूक झाली.
पंक्चरवाला म्हणाला, चिंचेपाशी.
पोतेवाला म्हणाला, चिंच तवा नव्हतीच.
रसवाल्या आक्कांनी चपलेनं धुळीत रेघ मारली,
‘हितं बैलगाडीची धाव टेकायची.
माझा बा हितं उतरून पागोटं काढायचा,
एक आणा द्यायचा, मग परत बांधायचा.’
भांडण चालू असताना मुलगी टेप घेऊन
चिंचेपासून रेघेपर्यंत मागं मागं सरकत गेली.
आठ मीटर दहा.

पत्रक भरलं.
पडझड: शंभर टक्के.
सध्याचा वापर: उतरणे.

कोल्हापूरच्या ऑफिसात साहेबांनी फोटो मागितला.
मी दाखवला: रस्ता, पाच माणसं, धुळीतली रेघ.
‘यात वास्तू कुठंय?’
खिडकीतून भवानी मंडपाची कमान दिसत होती,
तिच्यापुढं पर्यटक मोबाइल धरून उभे.
अडतीस वास्तूंचे पैसे मिळाले.

टेप मात्र आठव्या मीटरपाशी अडकतो अजून.
तिथं उसाचं चिपाड चिकटलंय,
ओढलं की गोडसर वास येतो.
निघत नाही. मीही फार ओढत नाही.