डावा गाल

पुंता अरेनासच्या आमच्या प्रयोगशाळेत
म्हातारपण निळं असतं.
म्हणजे आम्हीच तसं करतो :
बशीत पेशी, पेशींवर दिवा,
मग रंगाचे चार थेंब आणि एक रात्र.
ज्या थकल्या, ज्यांनी दुभंगणं सोडून दिलं,
त्या सकाळी निळ्या पडलेल्या सापडतात.
मी त्या मोजते. अंगठ्याखाली टिकटिकणारं यंत्र,
शेजारी मिलिचबाईंचा रेडिओ, त्यावर फक्त हवामान :
आज लाल पातळी. बारा ते चार उघड्यावर काम नको.

पप्पांचा डावा गाल
उजव्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा आहे.
एकतीस वर्षं लोकरीचा ट्रक,
पोर्वेनीरहून पूर्वेला, सान सेबास्तियानपर्यंत.
सूर्य उत्तरेला, म्हणजे डावीकडे, म्हणजे खिडकीत.
परतताना रात्र.
काच वारा अडवते, धूळ अडवते,
मेंढ्यांचा वासही थोडाफार.
ते किरण मात्र आत येऊन बसत,
भाडं न देता,
रोज त्याच जागी.
उजवीकडून पाहिलं तर अजून लग्नातला अबेलार्दो बार्रिया,
डावीकडून त्याचा काका.
फोटोत ते मान वळवतात.
आई विचारायची, आज कुठल्या गालाला वाढू?

आमच्या कुंपणाला कलाफातेचं झुडूप आहे.
काटे आधी, फळ नंतर.
त्याला टोपी नाही,
उन्हातून उठून पलीकडे जाता येत नाही.
वारा दाबून दाबून एकाच अंगाला वाढवतो त्याला.
मग ते आपली सावली आपणच करतं,
घोटून घोटून जांभळी,
आणि फळाच्या सालीत भरून ठेवतं.
ती आम्ही चोरतो.
वाटतो, गाळतो, स्पिरिटमध्ये भिजवतो,
लांबलचक नावं देतो
आणि दिव्याआधी तासभर
पेशींना पाजतो.

मंगळवारी मोजलं.
नुसत्या पेशी : शंभरात एकसष्ट निळ्या.
सावली प्यालेल्या : अडतीस.
तिसऱ्या बशीत बुरशी.
पुन्हा मोजलं. चाळीस.
बाईंनी चष्मा कपाळावर नेला :
"तिसरी बशी पुन्हा लाव, नोल्फा. आणि नाचू नकोस."

रविवारी सामुद्रधुनी ओलांडून घरी गेले.
पप्पा झुडपापाशीच होते, जीभ जांभळी, मनगटावर ओरखडे.
सगळं सांगितलं. आकड्यांसकट.
"मग हे गालाला चोळू?"
बशी म्हणजे गाल नव्हे, मी म्हटलं.
बशीत रक्त नाही, थंडी नाही,
एकतीस वर्षं नाहीत.
"त्या पेशी कुणाच्या?"
एका बाळाच्या. नाव माहीत नाही.
केव्हाच मोठं झालं असेल, कुठेतरी.
ते फळं तोडत राहिले. पाच, सहा, सात.
"म्हणजे त्या पोराला तुम्ही रोज उन्हात ठेवता."
हो.
"आणि मग सावलीत घेता."
अर्ध्याला, पप्पा.
उरलेलं अर्धं उन्हातच ठेवावं लागतं,
नाहीतर फरक कळत नाही.

त्यांना ते आवडलं नाही. दिसलं मला.
उजवा गाल हलला नाही, डाव्यावरच्या
सगळ्या घड्या एकदम सरकल्या.

मग त्यांनी एक फळ चिमटीत फोडलं
आणि लावलं, डोळ्याखालून हनुवटीपर्यंत.
रस सुरकुत्यासुरकुत्यांतून वाट काढत गेला,
त्या बाजूचे सगळे रस्ते
त्याला पाठ असल्यासारखा.
"काढ फोटो," ते म्हणाले,
आणि डावा गाल माझ्याकडे केला.

आमच्याकडे म्हणतात, कलाफाते खाल्लं तो परत येतो.
पप्पा नेहमीच परत आले. रात्री. काळोखात.
फोटो थोडा हलला आहे.

सोमवारी हातमोजे घालताना पाहिलं,
अंगठा अजून जांभळा. साबणाने गेला नाही.
तिसरी बशी पुन्हा लावली.
गुरुवारी तिच्यात परत बुरशी.