एल तातियो, उणे अकरा

व्हॅनचं गोठलेलं दार सातुर्निना खांद्याने उघडते.
गालात कोकाची पानं, म्हणून शब्द मोजके:
दगडांच्या रांगेपलीकडे नाही. जमीन पातळ आहे.

काखेत बोटं दाबून उभा मी.
अंधारात शंभर ठिकाणी कुणीतरी
श्वास सोडतंय, माझ्यासारखाच, पांढरा.

ती तीन पानं निवडते, न फाटलेली,
वाफेच्या तोंडाशी ठेवते. कुणासाठी, विचारलं नाही.
मग त्याच पाण्यात अंडी, मोज्यात बांधून.
इथे पाणी लवकर उकळतं, म्हणते,
अंडी मात्र उशिरा शिजतात.
माझ्या आईचा राग असाच होता.

ऊन डोंगर उतरलं,
वाफा विरत गेल्या.
लोक कॅमेरे मिटून गाडीकडे.

संपलं?

तिने माझा हातमोजा ओढून काढला,
तळवा जमिनीला टेकवला.
खाली खदखद,
अजून.