फुली

आधी वारा बघ, डॉयल.
बंदूक नंतर.
ही पावडरची डबी, तान्ह्या पोरांना लावतात तीच.
चिमूटभर उडव आणि कुठे जाते ते बघत राहा.
डुकराला डोळे असतात नावापुरते,
पण नाक असं, की तू दुपारी काय खाल्लंस
ते त्याला दोन शेतांपलीकडून कळतं.
म्हणून साबण नको, तंबाखू नको,
आणि तुझ्या त्या नव्या मैत्रिणीचं अत्तर तर नकोच.

ट्रकचं दार आपटू नकोस. नुसतं टेकव.

हा भुईमूग आज सकाळी पेरलाय.
मध्यरात्र उलटली की ती येतील नदीकाठच्या झाडीतून
आणि यंत्र ज्या ओळीने गेलं त्याच ओळीने जातील,
दाणा न दाणा टिपत, या बांधापासून त्या बांधापर्यंत.
इतकं सरळ तर मलाही कधी पेरता आलं नाही.
एका साली नऊ एकर उलथून गेली,
आणि मधोमध, का कोण जाणे,
एक तास तेवढं शाबूत.

आता दुर्बीण.
हिच्यात उजेड दिसत नाही, ऊब दिसते.
गरम ते पांढरं, गार ते काळं.
ससा म्हणजे तांदळाचा दाणा.
हरीण काड्यांवर उभं.
डुक्कर म्हणजे भट्टीतून नुकता काढलेला पाव.
पण बसलेलं वासरूही पावच असतं, डॉयल.
म्हणून थांबायचं.
उठू दे. चालू दे. मान वर होऊ दे.

तिपाईला गुडघा लागतोय तुझा.

पुढे असते ती म्हातारी मादी.
तिला आधी, कानामागे.
बाकीची फुटतील, उधळतील, उधळू दे.
पळत्यावर गोळी नाही. त्या बाजूला श्टास्नीचं घर आहे.

श्टास्नी.
तुझ्या बापालाही मी हे सांगितलं नाही.
तीन वर्षं झाली, मार्च संपत आला होता.
याच कुंपणाशी एक मोठं पांढरं धूड,
मान खाली घालून उकरत होतं.
एकटं. म्हटलं नर असणार, दीडशे किलोचा तरी.
वारा माझ्या तोंडावर. सगळं हवं तसं.
मी फुली ठेवली.
एक श्वास सोडला. दुसरा.
बोट चापावर टेकलं,
आणि त्या धुडाने
टोपी काढून कपाळ पुसलं.

पंप बिघडला होता त्याचा.
गुडघ्यांवर बसून पाना फिरवत होता,
बॅटरी संपली म्हणून अंधारातच, चाचपत.

मी गोळी काढून मुठीत धरली.
घरी पोचले तेव्हा ती
अंड्यासारखी कोमट झाली होती.

तो दर ईस्टरला कोलाचे आणतो,
त्यांच्या चेक लोकांचे ते जर्दाळू भरलेले गोड पाव,
मोजून बारा, वर फडकं झाकून.
दारातच उभा राहतो आणि म्हणतो,
तुमच्यामुळे माझंही शेत वाचतं हो, विलाडीनबाई.
मी म्हणते, आत या.
तो येत नाही. बुटांना चिखल असतो.
मग मी एकटीच ओट्याशी उभी राहून खाते,
ऊन असतात तोवर.

हं.
झाडीच्या कडेला, डावीकडे.
नाही, मी नाही बघणार. दुर्बीण तुझ्याकडे आहे.
घाई नको.
पाय मोज.