भुईकाटा

मार्च लागला की पारानाकाठचा रस्ता
सोयाबीनच्या ट्रकांनी तुंबतो.
सान लोरेन्सोच्या बंदरात तीन नंबरच्या केबिनमध्ये
मी बसते, ओर्नेला ब्रुसोने, रात्रपाळी, भुईकाट्यावर.
भरलेलं वजन. रिकामं वजन. वजाबाकी.
अकरा वर्षं झाली,
एकाही ट्रकला अजून विचारलं नाही मी
की बाबा रे, एवढा जड कसा झालास?

डॉक्टर पेद्रेत्तींनी विचारलं.
फाईल न उघडता.
पाच महिने पाळी नाही, हनुवटीवर राठ केस,
मानेवर काळी घडी, घासून घासून सोलली तरी जात नाही,
मी सांगत होते
आणि ते बघत होते खुर्चीच्या दोन हातांमध्ये
मी मावते की नाही.
‘दहा किलो उतरवा, मग या.’
पाव सोडला. रात्रीचं जेवण सोडलं.
तीन किलो चढले.

सोनोग्राफीवाली मिलाग्रोस नवी होती, अजून पेशंटशी बोलायची.
पडदा माझ्याकडे वळवून म्हणाली,
नाव गाठींचं पडलंय, पण गाठी नाहीत या.
निघालेली अंडी आहेत, अर्ध्या वाटेत थांबलेली.
मी मोजली. डावीकडे एकवीस.
ओळखलीच मी ती रांग:
इंजिन बंद, टोकन खिशात,
कुणी मातेची किटली तापवतंय, कुणी स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलंय,
आणि काट्यावर यायला
कुणाचाच नंबर लागत नाही.

साखर दारात उभी, म्हणाली ती, दारं ऐकत नाहीत,
म्हणून इन्सुलिन आणखी मोठ्याने ओरडतं.
ती ओरड बीजकोशापर्यंत जाते
आणि तिथे भलतंच काम सुरू होतं. मिशी, मुरुमं.
आत न गेलेला माल कमरेवर उतरवतात.
कमर भरली की दारं आणखी बहिरी.
मग आधी काय? मी विचारलं. कमर की दारं?
तिने जेल पुसायला कागद दिला.
‘तेच अजून भांडतायत सगळे.’

आमच्याकडे लाडाने बायकोला गोर्दा म्हणतात, जाडे.
काडीसारखी असली तरी म्हणतात.
लेआंद्रो मला नऊ वर्षं म्हणत आला.
त्या आठवड्यात त्याने दारातून हाक मारली, गोर्दा, किल्ली कुठंय,
आणि स्वतःच गप्प झाला.
तेव्हापासून ओर्नेला म्हणतो.
घरात कुणी वारल्यासारखं.

एका पहाटे रांग तुटली होती.
मी खाली उतरले, बूट काढले,
ऐंशी टनांच्या त्या लोखंडावर एकटी उभी राहिले.
काचेतून आकडा वाचला: शंभर.
आमचा काटा वीस-वीस किलोंनीच मोजतो.
घरचा म्हणत होता अठ्ठ्याण्णव.

मग गोळ्या, मेटफॉर्मिन, पोटात ढवळून यायचं.
मग पाळीआधी तासभर नदीकाठी चालणं, कुत्री ओळखायला लागली.
सात महिन्यांत पाच किलो.
पेद्रेत्ती म्हणाले, फक्त?
भुईकाट्यावर पुन्हा उभी राहिले. शंभर.
त्याला काही कळलंच नव्हतं.

पण ऑक्टोबरात, मक्याच्या गाड्या लागलेल्या,
चाकोहून आलेला अनिबाल काट्यावर उभा असताना
ओटीपोटात ती जुनी कळ आली.
मी उठले. पावती अर्धी छापलेली.
सहा मिनिटं मागची अख्खी रांग हॉर्न वाजवत होती
आणि मी संडासात बसून हसत होते, मग रडत,
मग नीट कळेना काय.
‘काय झालं होतं?’ अनिबालने खिडकीतून विचारलं.
एक गाडी पोचली, म्हटलं.
त्याने मागे वळून बघितलं, कुठली ते.

नोव्हेंबरात आली नाही. दोन किलो परत आले.
डिसेंबरात नाही. जानेवारीत आली, उशिरा, थोडीशी.

अजून पावतीवर तीन रकाने भरते.
भरलेलं. रिकामं. निव्वळ.
माझा मधला रकाना कुणी कधी मोजलाच नाही,
ही हाडं, ही भूक, आजीकडून आलेली ही रुंद कंबर,
माल उतरवल्यावरही जे उरणारच आहे ते.
काल लेआंद्रोला म्हटलं,
एकदा जुन्या नावाने हाक मार बघू.
त्याला जरा वेळ लागला.