परतीचा रकाना

सहमच्या अलीकडे, मासळीच्या बर्फखान्यामागे
युसुफच्या लॉन्ड्रीला लागून एक खोली आहे.
तिच्या दारावर मी खडूने लिहिते :
वाचनालय. गुरुवारी साडेसात ते दहा.
समुद्राच्या दमट हवेत खडू टिकत नाही.
दर गुरुवारी नव्याने लिहिते.

एक लोखंडी कपाट, चारशे अकरा पुस्तकं,
दोन बाकं, आणि एक एसी, मनात आलं तर चालणारा.
इस्त्रीची वाफ भिंतीतून झिरपते,
म्हणून इथल्या सगळ्या कथांना, भुताच्यासुद्धा,
धुतलेल्या दिशदाशांचा वास आहे.

नवरा खाऱ्या पाण्याचं गोडं करणाऱ्या प्लांटवर, रात्रपाळीला.
मी रजिस्टरवर.
रकाने चार : नाव, पुस्तक, नेलं, परत.

दत्ताराम गुरव बर्फखान्यातून थेट येतो.
बोटं आखडलेली असतात, पान सुटत नाही,
मग फुंकर मारून उलटतो.
नाझनीन परकार, आरोग्य केंद्रातली नर्स,
आधी विचारते, "यात कोणी मरतं का?"
खोटं बोलायची सोय नाही,
पुढच्या गुरुवारी पुस्तक टेबलावर आपटेल.

बबन शेळमकरला वाचता येत नाही.
पुस्तक मात्र नेतो.
अंगठा नको म्हणतो, सहीच्या जागी गोल काढतो.
खोलीतलं कोणीतरी वाचून दाखवतं
आणि बबन भाकऱ्या थापतो.
दर ठरलेला आहे : प्रकरणाला चार,
मारामारी असेल तर पाच.

म्हातारा खमीस खजूर घेऊन येतो.
पोरवयात बापाच्या गलबतावरून रत्नागिरी बंदरात जायचा,
जाताना खजूर, येताना कौलं.
मराठीतले त्याला सहा शब्द येतात :
ये, बस, किती, नको, उद्या,
आणि एक शिवी.
एवढ्यावर तो तासभर गप्पा मारतो.

महिन्याच्या शेवटी बांधणी.
खळ युसुफकडची, कॉलरीला लावतो तीच.
खमीसकडे जाळं विणायची सुई आहे.
निसटलेल्या पानांतून ती खालीवर जाते
आणि म्हातारा पुटपुटत राहतो,
बहुधा तो सहावा शब्द.

मार्चमध्ये कंपनीने बारा जणांना एक्झिट दिली.
संध्याकाळी सांगितलं, पहाटे बस.
बारा नावं, नऊ पुस्तकं.
मी रजिस्टर उघडून बसले.
परतच्या रकान्यात काय लिहू?
माणसं परत गेली.
पुस्तकं परत आली नाहीत.
शब्द तोच, आणि रकाना केवढासा.
त्या गुरुवारी खडू पुसला गेला तरी
मी उठले नाही.

पावसाळा तिकडे संपत आला तेव्हा
राजापूरकडचा सुजल तांबे गॅरेजमध्ये नवीन लागला.
त्याने बॅगेतून पुस्तक काढलं,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला सुतळी.
"दत्ताराममामांनी दिलंय.
शेवटची सोळा पानं वाचायची राहिलीत,
तेवढी काढून ठेवून घेतलीत.
वाचून झाली की पाठवतो म्हणाले,
दंड किती ते विचारून ये."

मी हसले. मग नाकाला पदर लावला.
बबन म्हणाला, "शेवटच नाही, तर याला भाकऱ्या किती?"
कोणाला उत्तर येईना.

रजिस्टरात लिहिलं : परत, सोळा पानं बाकी.

खमीसने पुस्तक मांडीवर घेतलं, कणा चाचपला.
"किती?"
सोळा, मी बोटांनी दाखवलं.
त्याने सुई ओवली, मागची बाजू शिवत आणली,
दोरा कापायला युसुफने कात्री पुढे केली.
"नको," म्हणाला.
वीतभर दोरा तसाच सोडला.

नाझनीनने या खेपेला काही विचारलं नाही.
पुस्तक काखेत मारून निघाली,
दोरा बाहेर लोंबत.