डिकीच्या कडेला

उन्हात गाडी धुवायची नसते,
हे मी टिल्ल्याला रोज सांगतो.
पांडवलेणीच्या माथ्यावरचं ऊन
पाथर्डी फाट्याच्या आमच्या पत्र्यांवर उतरेपर्यंत
हातात तासभर असतो, फार तर सव्वा.

आधी नुसतं पाणी. हात लावायचा नाही.
खोदून ठेवलेल्या रस्त्यांची धूळ,
मखमलाबादच्या द्राक्षबागेतून आलेले मोरचुदाचे निळे ठिपके,
आणि कबुतराने टपावर मांडलेला हिशेब.
त्यावर ओला फडका ठेवून द्यायचा
चहा उकळेपर्यंत.
खरवडलंस तर घाण त्याची, चरा तुझा.

दोन बादल्या. एकीत फेस, एकीत साधं पाणी.
फडका आधी साध्यात पिळायचा, मग फेसात.
वरून खाली. चाकांचा फडका वेगळा,
पायपुसण्याने कुणी ताट पुसतं का?
आणि बोअरचं पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही,
त्याचे पांढरे गोल
लग्नातल्या रुसव्यासारखे, निघता निघत नाहीत.

टिल्ल्या म्हणतो, काका, गाडीच आहे ना.

आज चंद्रात्रेसाहेबांची आली, कोकमी रंगाची.
नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले,
छत्तीस वर्षं नोटांमधल्या चुका शोधल्या.
स्टुलावर बसून ते गाडी बघत नाहीत,
तपासतात.
"वॅक्स पातळ लाव हां, गांगुर्डे."
मी पातळच लावतो,
तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवावं तसं.
धुकं धरलं की थांबायचं.
बोटाने एक रेघ ओढायची,
रेघ कोरडी निघाली
तर पुसायला घ्यायचं.

डिकीच्या कडेला फडका अडकला नाही,
नजर अडकली.
रंगाच्या वर, क्लिअरच्या आत
एक धागा.
नखाच्या कोरीएवढा, वाकडा.

हा रंग सातपूरला एकाच पावसाळ्यात चालला.
तेव्हा मी पेंट शॉपला, ठेक्यावर, बी शिफ्ट.
डोक्याला तेल नाही, तोंडाला पावडर नाही;
लग्नानंतर चौथ्या दिवशी
हळदीचं अंग तीनदा धुऊन कामावर गेलो होतो.
हवेच्या बोगद्यातून दोनदा जायचं,
तरी कुणाच्या ना कुणाच्या बनियनचं सूत सुटायचंच.
बूथमध्ये आम्ही अकरा जण.
मग रोबोट आले.
त्यांना बनियन नसतं.

साहेब उठले. खिशातून भिंग काढलं,
रिटायर माणसाच्या खिशात अजून भिंग.
"निघेल का हे?"
"वर असतं तर निघालं असतं, साहेब.
आत आहे. तिथवर जायचं
तर सगळी चमक फोडावी लागेल."
"म्हणजे तपासणीत सुटली."
"सुटली."
बोलताना मी फडक्याकडे बघत होतो.
अकरातला एक तर मी आहेच.

ते बराच वेळ वाकून राहिले.
कंबर धरून सरळ झाले, मग म्हणाले,
आमच्याकडे उलटं होतं, गांगुर्डे.
धागा नसला की नोट बाद.

मी तेवढ्या जागी दुसरा हात दिला,
नेहमीपेक्षा कणभर जाड.
टिल्ल्याने पाहिलं. रोज ऐकतो तेच
मला ऐकवायला तोंड उघडलं,
आणि मिटलं.

पैसे देण्याआधी साहेबांनी पाचशेची नोट
उजेडाकडे धरली, सवयीने,
आणि स्वतःशीच ओशाळून हसले.

ऊन तोवर पत्र्यांवर उतरलं होतं.
अरे, ती पांढरी सावलीत घे,
मी ओरडलो.