पाठांतर

शिरोड्याच्या मिठागरात, एप्रिलात,
फळी ओढता ओढता माझ्या सदऱ्यावर
दुपारपर्यंत पांढरा नकाशा उमटतो.
सुरंगा बांधावर बसून तो वाचते:
"बाबा, आज गोव्यापर्यंत गेला."

तिला घाम येत नाही.
आठ वर्षांत एक थेंब नाही.
ऊन चढलं की अंग तव्यासारखं होतं,
म्हणून तिच्या बाजूला कळशी, ओला पंचा
आणि मुकादमाची छत्री, एक काडी मोडलेली.
दर अर्ध्या तासानं मी तिला भिजवतो,
बाजारात माठाची जुडी भिजवतात तशी.

दुखणंही नाही.
दात आले तेव्हा जिभेचं टोक गेलं.
चुलीवरचं टोप धरून उभी होती एकदा,
वास आला तेव्हा नलूला कळलं.
शाळेत पोरांनी करवंदीचा काटा टोचून पाहिला,
एका टोचणीला एक चिंच.
सात चिंचा घेऊन घरी आली,
खुशीत.

गावकरानं देवळात गाऱ्हाणं घातलं,
पाकळी उजवीकडून पडली.
लोक म्हणाले, देवीचा अंश, दुःख शिवत नाही पोरीला.
नलू चपला तिथंच विसरून घरी चालत आली.

बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर
दोन घरं काढली, चार मुलं काढली,
एकाला पेनानं काळं केलं.
मग विचारलं, तुमचं दोघांचं आधीचं नातं?
मी मामाची मुलगी केलेली.
म्हटलं, कळलं बाई.
एकाच खाडीचं पाणी
एका उघाडीतून दोन कोंडींत घेतलेलं,
त्यात काय विरघळलंय
ते पाण्याला कुठं ठाऊक असतं.
त्या म्हणाल्या, दोष कुणाचाच नाही.
परतीच्या एसटीत आम्ही
एकमेकांकडं बघितलं नाही.
बांदा आलं तेव्हा नलूनं
झोपलेल्या पोरीचं डोकं माझ्या मांडीवर सरकवलं.

आता रोज रात्री बॅटरी घेऊन
तळवे, बोटांच्या बेचक्या, ओठांची आतली बाजू,
होडीची फट शोधावी तसं शोधतो.
आणि पाठ करून घेतलंय, पाढ्यांच्या आधी:
तांबडं दिसलं की ओरडायचं.
सुजलं की सांगायचं.
ती ओरडते, चुकत नाही कधी,
पण हजेरी द्यावी तशी, एका सुरात:
आवशी गे.

काल फळीचा खिळा माझ्या पावलात गेला.
मिठात पाय. मी दात दाबून गप्प.
कोंडीतल्या पाण्यात तांबडी रेघ
आधी तिनंच पाहिली.
आवशी गे! आवशी गे!
बांधावरून धावत आली भर उन्हात,
चाल पार बिघडलेली, आवाज फाटलेला,
आणि माझं पाऊल दोन्ही हातांत धरून
विचारत राहिली, कसं असतं, बाबा,
कसं असतं ते?

मी म्हटलं, आधी छत्री घे.